द्वारकेहून द्वारकेला

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसानं गावाकडच्या कुणाला ‘आम्ही द्वारकेत राहतो’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग रोज दर्शन होत असेल?’ आमच्या द्वारकेत जगतमंदिर नाही, गोमतीचा घाट नाही आणि समुद्र तर नाहीच नाही. आहेत ते सेक्टर, सोसायट्या, मेट्रोची ब्लू लाइन आणि डोक्यावरून जाणारी विमानं. पूर्वी या भागाला पप्पनकलां म्हणत. दिल्ली विकास प्राधिकरणानं इथं उपनगर वसवलं आणि त्याला द्वारका हे नाव मिळालं. समुद्राशी आमचं नातं एवढंच की दिल्लीच्या या नैऋत्य कोपऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट लागतं.

अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला समुद्रातल्या प्राण्यांवर संशोधन करायचं असेल तर? तेही डॉल्फिन किंवा कासवांवर नाही, तर खेकडे, तारामासे, स्पंज आणि समुद्री गोगलगायींवर! माझी मामेबहीण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. पाठ्यपुस्तकातल्या ‘अपृष्ठवंशीय’ या धड्यानं तिला वेड लावलं. अपृष्ठवंशीय म्हणजे पाठीचा कणा नसलेले प्राणी. पृथ्वीवर आजवर नोंदवलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी ९० टक्क्यांहून जास्त जाती याच गटातल्या आहेत, पण आपल्या डोळ्यांसमोर ‘प्राणी’ म्हटलं की वाघ-हत्तीच येतात.

मामाची इच्छा तिनं बी.एड. करावं अशी. त्याचे तीन प्रश्न होते. या गोगलगायींचा उपयोग काय? यात पोट भरतं का? आणि मुलगी एकटी कुठल्या किनाऱ्यावर फिरणार? मामी व्यवहारी. ती म्हणाली, ‘‘आधी समुद्र तरी नीट बघून ये. मग ठरवू.’’ दिवाळीनंतर चार दिवस मोकळे मिळाले आणि आम्ही दोघी राजकोट-जामनगरमार्गे जाणाऱ्या गाडीत बसलो. दिल्लीच्या द्वारकेहून गुजरातच्या द्वारकेला.

देवळाच्या पलीकडची द्वारका

द्वारकेला येणारा प्रवासी साधारण एकाच क्रमानं फिरतो. आधी जगतमंदिर आणि त्यावर फडकणारी ५२ गजांची ध्वजा, मग रुक्मिणीचं देऊळ, नागेश्वर आणि शेवटी बेट द्वारका. बेटावर जायला पूर्वी ओख्याहून बोटीत दाटीवाटीनं बसावं लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू सुरू झाल्यापासून गाडी थेट बेटावर जाते. आम्हीही हा सगळा क्रम केला. आईनं सांगितलेला प्रसाद घ्यायला विसरलो नाही.

पण बहिणीमुळे मला याच वाटेवर दुसरी द्वारका दिसली. बेट द्वारकेचं जुनं नाव शंखोद्धार. शंख म्हणजे तरी काय? समुद्रातल्या एका मोठ्या गोगलगायीचं घर. देवघरात आपण ज्याची पूजा करतो तो एका कणा नसलेल्या प्राण्यानं आयुष्यभर थरावर थर चढवत बांधलेला चुन्याचा वाडा असतो. या किनाऱ्यावर शंखांचा उद्योग हडप्पा काळापासून आहे. नागेश्वरजवळ बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठानं उत्खनन केलं तेव्हा शंखाच्या बांगड्या कापण्याची हडप्पाकालीन वसाहतच सापडली. बेट द्वारकेला शंखातून कोरलेली एक छोटी मुद्रा मिळाली आहे. तिच्यावर तीन तोंडांचा प्राणी आहे.

गंमत म्हणजे या गावाच्या पोटात डोकावणारे पहिले संशोधक पुण्याहून आले होते. डेक्कन कॉलेजनं १९६३ मध्ये मंदिराजवळ उत्खनन केलं. पुढे १९८०च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे इथल्या समुद्रात उतरले आणि दगडी नांगर, भिंतींचे अवशेष शोधू लागले. या गोव्याच्या संस्थेचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

नरारा: समुद्र मागे सरतो तेव्हा

खरी भेट अजून बाकी होती. द्वारकेपासून शंभरेक किलोमीटरवर, वाडीनारजवळ नरारा आहे. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा एक भाग. हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८० मध्ये इथं अभयारण्य जाहीर झालं आणि १९८२ मध्ये त्यातल्या काही भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. प्रवाळ बघायचे तर अंदमान किंवा लक्षद्वीपला जाऊन पाण्यात बुडी मारावी लागते असं आपल्याला वाटतं. नराराला ते चालत बघता येतात, कारण इथली ओहोटी फार मोठी असते. ओख्याला भरती-ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटरचा, तर आखाताच्या आतल्या टोकाला तो सात मीटरच्या आसपास जातो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, पाणी इतकं मागे सरतं की समुद्राचा तळ उघडा पडतो.

वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली, स्थानिक वाटाड्या बरोबर घेतला आणि खारफुटीच्या कडेनं चालायला लागलो. पहिली दहा मिनिटं नुसता चिखल आणि दगड. मला तर वाटलं, आपण एवढ्या लांब हेच बघायला आलो का? मग वाटाड्यानं थांबवलं आणि घोट्याएवढ्या पाण्यातल्या एका खळग्याकडे बोट दाखवलं. खाली हिरवट-जांभळं गालिच्यासारखं काहीतरी हलत होतं. समुद्रफूल! दिसायला फूल, पण आहे प्राणी. त्याच्या पाकळ्या म्हणजे डंख करणारे हात. तोंड एकच, खायलाही तेच आणि उरलेलं बाहेर टाकायलाही तेच.

त्यानंतर डोळे सरावले. दगडाच्या रंगाचा दगडच वाटणारा ऑक्टोपस सरकन बिळात शिरला. त्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांब्याचा अंश असतो. वाळूत पडलेली समुद्रकाकडी दिसली, जी श्वास मागच्या दारानं घेते. हे ऐकून शेजारच्या कुटुंबातला सात-आठ वर्षांचा मुलगा इतका हसला की त्याच्या आजीलाही हसू आवरेना. तारामाशाला रक्तच नसतं, त्याच्या अंगात नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून समुद्राचं पाणी खेळतं. पाण्याच्या दाबावर त्याचे शेकडो नळीसारखे पाय चालतात.

माझी बहीण गुडघ्यावर बसून वहीत लिहीत होती. जागा, वेळ, पाण्याची खोली, प्राण्याचं चित्र. हात लावायचा नाही, उचलायचं नाही, हा इथला नियम आहे आणि त्यामागे कायदाही आहे. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच बरोबरीनं पहिल्या परिशिष्टात जागा आहे. मेलेला प्रवाळाचा तुकडा ‘आठवण’ म्हणून खिशात टाकणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो.

परतताना क्षितिजावर तेलाच्या टाक्या आणि जहाजं दिसली. याच आखातात देशातल्या मोठ्या तेल शुद्धीकरण प्रकल्पांचे धक्के आहेत. एका बाजूला टँकर, दुसऱ्या बाजूला घोट्याएवढ्या पाण्यात जगणारे प्रवाळ. गाळ वाढला, पाणी तापलं तर आधी कुणाला त्रास होतो हे सांगायला कुणीतरी वर्षानुवर्षं मोजत राहायला हवं. मामाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं.

बडोद्याच्या महाराजांचा अहवाल

द्वारका आणि ओख्याचा हा सगळा टापू म्हणजे ओखामंडळ. १८१७ पासून तो बडोद्याच्या गायकवाडांकडे होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले आणि पुढे बडोद्याचे महाराज झालेले सयाजीराव गायकवाड आपल्याला ग्रंथालयांसाठी, सक्तीच्या शिक्षणासाठी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीसाठी माहीत असतात. पण त्यांच्याच काळात बडोदा सरकारनं ओखामंडळच्या समुद्रातल्या प्राण्यांची शास्त्रीय पाहणी करवून घेतली होती, हे मलाही या प्रवासाच्या तयारीत वाचताना कळलं.

हे काम केलं जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञानं. श्रीलंकेतल्या मोत्यांच्या शिंपल्यांवर काम केलेला हा माणूस १९०५-०६ मध्ये या किनाऱ्यावर नमुने गोळा करत होता. संस्थानाला समुद्रातून काही उत्पन्न मिळेल का, हा हिशेब त्यामागे होताच. पण हाती आलेला अहवाल त्याहून मोठा ठरला. त्याचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये निघाला. गोळा केलेले प्राणी त्या त्या गटाच्या जाणकारांकडे पाठवले गेले. त्यातल्या कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायींवर लिहिलं ते सर चार्ल्स एलियट यांनी. पेशानं ते ब्रिटिश मुत्सद्दी, पुढे जपानमध्ये राजदूत झाले, पण छंद मात्र या गोगलगायींचा!

आता शंभर वर्षं पुढे या. २०१० मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दीपक आपटे, विशाल भावे आणि सहकाऱ्यांनी कच्छच्या आखातातल्या याच गोगलगायींच्या गटाची सचित्र यादी छापली. त्यात २० जाती अशा होत्या ज्यांची भारतातून पूर्वी नोंदच नव्हती. विचार करा, जिथं शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञ फिरून गेले, तिथंच ओहोटीत वाकून बघणाऱ्यांना देशासाठी नव्या २० नोंदी मिळतात. म्हणजे काम संपलेलं नाही. माझ्या बहिणीला सगळ्यात धीर आला तो या आकड्यानं.

मामाचा पहिला प्रश्न: उपयोग काय?

औषधांपासून सुरुवात करू. असह्य जुनाट वेदनांवर मणक्यात दिलं जाणारं झिकोनोटाइड हे औषध एका शंकूच्या आकाराच्या समुद्री गोगलगायीच्या विषावरून तयार झालं. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगावर गेली कित्येक दशकं वापरात असलेल्या सायटाराबिनची कल्पना कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजातून आली.

मग रोजची कामं. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या १८ वसाहती होत्या. २०२० मध्ये त्या काढून दुसरीकडे लावल्या गेल्या, ते काम गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेकडे होतं. जहाजांच्या तळाला चिकटणारे प्राणी, कालवांची शेती, कोळंबीचे रोग, बंदर बांधण्याआधीची पाहणी, या सगळ्याला कणा नसलेले प्राणी ओळखणारी माणसं लागतात. सरकारनं २०२१ मध्ये खोल समुद्र मोहिमेला पाच वर्षांसाठी ४०७७ कोटी रुपये मंजूर केले. तिथल्या तळाशी जे जीव सापडतील तेही बहुतेक याच गटातले असतील.

दुसरा प्रश्न: पोट भरतं का?

याचं उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. हा रस्ता लांबचा आहे. पदवीनंतर दोन वर्षं एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी.ची साधारण पाच वर्षं. पण या वर्षांत घरून पैसे मागवावेच लागतात असं नाही. सीएसआयआर-यूजीसी नेटच्या ‘लाइफ सायन्सेस’ या विषयात ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी सिनिअर फेलोशिपचे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं भत्ता वेगळा. अडचण इतकीच की ही परीक्षा अवघड आहे आणि पीएच.डी.नंतरच्या कायम नोकऱ्या थोड्या आहेत. म्हणून हातात दुसरं कौशल्यही हवं. डीएनएचं काम, आकडेवारी, नकाशे, स्कूबा डायव्हिंग, यातलं एखादं तरी.

शिकायचं कुठे? आपल्या माणसांना जवळच्या जागा आधी सांगते.

गोवा: दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, स्थापना १ जानेवारी १९६६. १९६०च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून ती उभी राहिली. मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला तिची केंद्रं आहेत. इथं पीएच.डी. करता येते, तर जवळच्या गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एम.एस्सी. आहे.

कारवार: गोव्याला लागूनच कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा पदव्युत्तर विभाग कोडीबागला, अगदी समुद्राजवळ आहे. कोकणी-मराठी बोलणारं गाव, त्यामुळे परकं वाटत नाही.

रत्नागिरी आणि मुंबई: बारावीनंतरच ठरलं असेल तर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, आणि मत्स्यशास्त्राच्या पदवीनंतर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. रत्नागिरीचं झाडगावचं मत्स्यालय मुलांना घेऊन नक्की बघा.

जरा लांब जायची तयारी असेल तर कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र आणि पाँडिचेरी विद्यापीठाचा पोर्ट ब्लेअरचा विभाग आहे. पोर्ट ब्लेअरला वर्गाबाहेर पडलं की प्रवाळच.

परदेशाचा विचार असेल तर अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो आणि निवड झालेल्यांना बहुतेक ठिकाणी शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळतं. वॉशिंग्टन विद्यापीठाची फ्रायडे हार्बर प्रयोगशाळा अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमांसाठी नावाजलेली आहे. अर्ज करण्याआधी प्राध्यापकांनी काय लिहिलं आहे ते वाचा आणि नेमका प्रश्न विचारणारी छोटी ईमेल पाठवा. ‘मला समुद्र आवडतो’ एवढ्यानं उत्तर येत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे, जी बी.एस्सी. करतानाच चढता येते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर वर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर प्रत्यक्ष काम करायला मिळतं. आवड खरी आहे की नुसती हौस, हे तिथं कळतं. तारखा आणि अटी बदलत राहतात, म्हणून संस्थांची संकेतस्थळं स्वतः बघा, क्लासच्या जाहिरातीवर विसंबू नका.

तिसरा प्रश्न: मुलगी एकटी कुठे फिरणार?

पहिली गोष्ट, या कामात कुणीच एकटं जात नाही. ओहोटीत किमान दोघं हवीत, कारण पाणी परत कधी चढलं हे खाली बघत काम करणाऱ्याला कळत नाही. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं पाण्यावर लक्ष ठेवायचं.

दुसरी गोष्ट मी मामाला परत आल्यावर सांगितली. डॉ. अदिती पंत नागपूरच्या. नागपूर समुद्रापासून किती लांब ते नकाशात बघा! पुण्यात बी.एस्सी., मग अमेरिकेत हवाई विद्यापीठात आणि पुढे लंडनमध्ये शिकून त्या गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत दाखल झाल्या. त्यांचा विषय समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा. १९८३-८४च्या भारतीय मोहिमेत त्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथं जाणाऱ्या या दोघी पहिल्या महिला.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘तिच्या वडिलांनी परवानगी दिली होती का?’’ मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘दिली असेल, म्हणून तर गेली.’’

शेवटी तडजोड अशी ठरली की एम.एस्सी.साठी गोवा आणि कारवार दोन्हीकडे अर्ज करायचे, नेटचे दोन प्रयत्न मनापासून द्यायचे आणि त्यात जमलं नाही तर बी.एड.ला ना नाही म्हणायचं. उन्हाळी फेलोशिपचा अर्ज तिनं भरला आहे, निवडीची वाट बघते आहे.

तुम्ही जाणार असाल तर

नराराला जायचा चांगला काळ नोव्हेंबर ते मार्च. जामनगरहून साधारण ६० किलोमीटर. निघण्याआधी ओहोटीची वेळ नक्की करा, कारण ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि भरतीच्या वेळी पोहोचलात तर नुसतं पाणी दिसेल. अमावास्या किंवा पौर्णिमेजवळचा दिवस निवडा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, पाणी फारसं मागे जात नाही. परवानगी, शुल्क आणि वाटाड्याची चौकशी वनखात्याकडे करा. मागे पट्टा असलेले, भिजले तरी चालतील असे जाड तळाचे बूट घाला, चपला चिखलात राहतात. टोपी, पिण्याचं पाणी आणि लहान मुलांसाठी कपड्यांचा जादा जोड बरोबर ठेवा. वाटाड्या चालतो तिथूनच चाला, प्रवाळावर पाय देऊ नका. दगड उलटून बघितला तर होता तसाच परत ठेवा, कारण त्याच्या खाली कुणाचं तरी घर असतं.

गुजरात लांब पडत असेल तर हेच सगळं मुंबईच्या हाजी अलीला, रत्नागिरीला किंवा मालवणच्या खडकांवरही ओहोटीच्या वेळी बघता येतं. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एक वही, एक पेन्सिल आणि दोन तासांचा वेळ पुरतो. घरातलं एखादं मूल खळग्यापाशी बसलं आणि उठायलाच तयार नसेल, तर त्याला ओढून नेऊ नका. पाणी चढायला लागेपर्यंत बसू द्या.